सॉलिड-स्टेट बॅटरीला निधी देणाऱ्यांना खुले पत्र: वाहकतेचे विक्रम पुरे झाले, आता टिकाऊपणाचं विचारा

प्रति,
सॉलिड-स्टेट बॅटरीच्या संशोधन प्रस्तावांची छाननी करणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य

सादर नमस्कार.

सॉलिड-स्टेट बॅटरीच्या प्रस्तावाचं पहिलं पान कसं असतं, हे या क्षेत्रात वावरणारा कोणीही न बघता सांगेल. आजच्या लिथियम-आयन बॅटरीत पेट घेणारं द्रव इलेक्ट्रोलाइट असतं, म्हणजे दोन टोकांमध्ये लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) वाहून नेणारा पदार्थ. ते काढून तिथे घन पदार्थ बसवला की आगीची भीती जाते. ग्राफाइटच्या जागी थेट लिथियम धातूचा ॲनोड (ऋण टोक) लावता येतो, म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा. आणि शेवटी एक नवा पदार्थ, ज्याची आयन-वाहकता आजवरच्या सगळ्यांवर मात करील अशी आशा. मुदत तीन वर्षं, दोन पीएचडीचे विद्यार्थी, एक ग्लव्ह बॉक्स (हवा आणि ओलावा बाहेर ठेवणारी बंद पेटी).

असल्या पानावर निधी देणं आता थांबवा, एवढं सांगायला हे पत्र लिहितो आहे. वाहकतेचा प्रश्न बराचसा सुटला आहे. अडलंय ते टिकण्यापाशी, आणि टिकण्याबद्दल पहिल्या पानावर सहसा एक ओळही नसते.

मी मुंबईच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. माझे काही विद्यार्थी पवईला, काही ट्रॉम्बेला, काही माटुंग्याला अशा इथल्याच संस्थांत बॅटरीवर काम करतात आणि अधूनमधून घरी येतात. त्यांच्या तोंडून जे ऐकतो आणि जे निबंध वाचतो, त्यावर हे पत्र बेतलं आहे. कोणत्याही संस्थेची तक्रार यात नाही.

वाहकता सुटली म्हणतो, ते हवेत नाही. २००७ साली रामस्वामी मुरुगन, व्यंकटरामन थंगादुराई आणि वेर्नर वेपनर यांनी लिथियम, लँथॅनम आणि झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा गार्नेट जातीचा सिरॅमिक इलेक्ट्रोलाइट मांडला. त्यातले पहिले दोघे आपले, याचं मला आजही अप्रूप आहे. २०११ मध्ये टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या र्योजी कान्नो यांच्या गटाने लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधकाचा पदार्थ दिला. साध्या खोलीच्या तापमानाला त्याची वाहकता सेंटिमीटरला १२ मिलिसीमेन्स निघाली, म्हणजे द्रव इलेक्ट्रोलाइटच्या तोडीची. २०१६ मध्ये त्याच गटाने ती दुपटीवर नेली. त्याला आता बरीच वर्षं लोटली. अडचण वाहकतेची असती तर या बॅटऱ्या एव्हाना रस्त्यावर धावत असत्या. टोयोटाने २०१७ साली सॉलिड-स्टेट गाडीसाठी २०२० नंतरची पहिली काही वर्षं सांगितली होती. २०२३ मध्ये इदेमित्सु या जपानी तेल कंपनीबरोबर करार करताना ती मुदत २०२७-२८ वर गेली. इतके पैसे आणि इतकी माणसं हाताशी असलेल्या कंपनीला तारीख पुढे ढकलावी लागते, तेव्हा घोडं कुठे अडलंय हे नीट बघायला हवं.

कान्नो यांच्या पदार्थाची कथा मला यासाठी फार शिकवणारी वाटते. २०११ च्या निबंधात असंही होतं की हा पदार्थ ५ व्होल्टपर्यंत शाबूत राहतो. चाचणी अशी: पदार्थ दाबून केलेल्या चकतीला एका बाजूने लिथियम लावायचं, दुसऱ्या बाजूने सोनं, मग व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं आणि करंट चढतो का ते बघायचं. करंट चढला नाही. म्हणजे पदार्थ फुटत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे २०१५ च्या सुमारास मेरीलँड विद्यापीठातल्या यीफेई मो यांच्या गटाने ऊष्मागतिकीचं गणित मांडलं, तर हा पदार्थ खऱ्या अर्थाने स्थिर राहतो तो लिथियमच्या तुलनेत साधारण १.७ ते २.१ व्होल्टच्या चिंचोळ्या पट्ट्यात. त्याच विद्यापीठात चुनशेंग वांग यांच्या गटाने तर एवढ्या एका पदार्थाची अख्खी बॅटरी करून दाखवली. मधे तोच पदार्थ, आणि दोन्ही टोकांना कार्बन मिसळून पुन्हा तोच. जो फुटत नाही म्हणून नावाजला होता, तो दोन्ही टोकांना फुटूनच वीज साठवत होता.

आधीच्या चाचणीत हे दिसलं का नाही? सोन्याच्या सपाट पृष्ठभागाला पदार्थ टेकतो ती जागा इतकी थोडी की विघटनाचा करंट आलेखात उठूनच दिसला नाही. खऱ्या कॅथोडमध्ये (धन टोकात) कार्बनची भुकटी मिसळलेली असते, टेकण्याची जागा कितीतरी पट वाढते आणि विघटनही तेवढंच वाढतं. कोणी खोटं बोललं नव्हतं. चाचणी सोयीची होती, इतकंच. तुमच्यापुढे येणाऱ्या प्रस्तावांपैकी किती जण आजही त्याच सोयीच्या चाचणीवर ‘विस्तृत स्थैर्य पट्टा’ लिहून मोकळे होतात, ते एकदा मोजून पाहा.

विघटन होतं म्हणजे सगळं संपलं असं मात्र नाही, आणि इथेच खरं रसायनशास्त्र सुरू होतं. लिथियम धातू हा फार आक्रमक गडी. बहुतेक घन इलेक्ट्रोलाइट त्याला टेकले की थोडे तरी फुटतातच. जो थर तयार होतो तो इलेक्ट्रॉन अडवून आयन जाऊ देणारा असेल तर काही नॅनोमीटरवर वाढ थांबते आणि पुढचा पदार्थ वाचतो. ओक रिज प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात जॉन बेट्स यांच्या गटाने केलेला लिपॉन हा काचेसारखा पदार्थ असाच वागतो. त्याच्या पातळ पापुद्र्याच्या बॅटऱ्या हजारो चक्रं, म्हणजे चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या, चालल्या आहेत, पण त्या इवल्याशा, बस ओढणाऱ्या नव्हेत. थरात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे घटक उतरले, तर मात्र तो थर वाढतच राहतो. जर्मेनियमच्या पदार्थात तेच होतं. लिथियमशी गाठ पडली की लिथियम फॉस्फाइड, लिथियम सल्फाइड आणि जर्मेनियमचं लिथियमशी झालेलं मिश्रधातू तयार होतं. ते मिश्रधातू इलेक्ट्रॉनला वाट करून देतं आणि किडणं आत आत सरकत जातं. म्हणजे नव्या इलेक्ट्रोलाइटबद्दल पहिला प्रश्न ‘वाहकता किती’ हा नसावा. लिथियमला टेकल्यावर काय तयार होतं आणि ते वाढायचं थांबतं का, हे आधी विचारावं. याचं उत्तर एका आठवड्यात मिळत नाही. सेल नुसती ठेवून महिनोन्महिने तिचा रोध मोजत बसावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यावर मुखपृष्ठावरचा निबंध होत नाही, म्हणून ते कोणी करत नाही.

गार्नेटचं दुखणं निराळं. लिथियमपुढे तो जवळजवळ अढळ असतो, पण हवेपुढे नाही. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड मिळाले की पृष्ठभागावर लिथियम कार्बोनेटची साय धरते, त्यावर लिथियम पसरत नाही आणि रोध भरमसाट वाढतो. २०१७ मध्ये मेरीलँडमध्येच गार्नेटवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिपातळ लेप दिला, तेव्हा इंटरफेसचा, म्हणजे लिथियम आणि गार्नेट टेकतात त्या जागेचा, रोध चौरस सेंटिमीटरमागे १७१० ओहमवरून १ ओहमवर आला. पदार्थ तोच, फक्त कातडी बदलली. मला विचाराल तर या क्षेत्रातली ही सगळ्यात बोलकी आकड्यांची जोडी आहे. कॅथोडच्या बाजूचीही गोष्ट हीच आहे, तिथे निकेलयुक्त ऑक्साइडच्या कणांना लिथियम नायोबेटचा काही नॅनोमीटरचा लेप देतात. त्यात फार शिरत नाही.

गार्नेट कडक आहे म्हणून लिथियमच्या सुया, म्हणजे डेन्ड्राइट, तो रोखेल, असं बरीच वर्षं सगळे धरून चालले. त्यामागे मन्रो आणि न्यूमन यांचं २००५ चं गणित होतं: इलेक्ट्रोलाइटचा कर्तन-गुणांक (आडव्या बळापुढे न वाकण्याचं माप) लिथियमच्या सुमारे दुपटीहून जास्त असेल तर सुई वाढू शकत नाही. गार्नेट त्या कसोटीला कितीतरी पट उतरतो. तरीही ठरावीक करंटच्या पुढे सेल शॉर्ट होते, कारण लिथियम सिरॅमिक ढकलत नाही, त्यातल्या भेगांत आणि कणांच्या सांध्यांत शिरतं आणि भेग पुढे फाडत नेतं. गणित चुकलं नव्हतं, पण ते निर्दोष सपाट पृष्ठभागाचं होतं, आणि तसा पृष्ठभाग भट्टीतून बाहेर येत नाही.

डिस्चार्जच्या वेळी उलटा त्रास. चौरस सेंटिमीटरला ३ मिलिॲम्पिअर-तास क्षमता धरली तर प्रत्येक चक्रात साधारण १५ मायक्रोमीटर जाडीचं लिथियम जातं आणि परत येतं. द्रव असता तर रिकामी झालेली जागा त्याने भरून काढली असती. घन पदार्थ तसं करत नाही. लिथियम भराभर निघून गेलं तर इंटरफेसपाशी पोकळ्या उरतात. पावसाळ्यात आपल्या चाळींच्या भिंतींचा रंग फुगून सुटतो तसंच हे, भिंत धड, रंगही धड, फक्त दोघांची गाठ सुटलेली. उरलेल्या थोड्या टेकण्याच्या जागांतून सगळा करंट जातो, तिथे ताण एकवटतो आणि पुढच्या चार्जिंगला सुई तिथूनच निघते.

यावर प्रयोगशाळेतला उतारा म्हणजे दाब. सेल क्लॅम्पमध्ये आवळून ठेवायची, म्हणजे मऊ लिथियम सरकून पोकळी भरतं. आता नुसता हिशेब करू. ५ मेगापास्कल हा निबंधांतला अगदी सामान्य दाब, अनेक ठिकाणी याच्या कितीतरी पट असतो. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या सेलवर ५ मेगापास्कल म्हणजे सुमारे पाच टनांचं बळ. एकावर एक रचलेल्या सेलना एकच क्लॅम्प पुरतो हे मान्य, पण पाच टन सोसणाऱ्या पोलादी पट्ट्या, बोल्ट आणि स्प्रिंगा बॅटरीबरोबर गाडीत वाहाव्या लागतात, आणि किलोमागे वाचवलेली ऊर्जा त्या लोखंडात जाते. दाब वाढवत नेणं हाही उपाय नव्हे, २५ मेगापास्कलच्या आसपास नेल्यावर लिथियम इलेक्ट्रोलाइटच्या चकतीतल्या छिद्रांत घुसून सेल लवकर शॉर्ट झाल्याचे प्रयोग २०२० मध्येच छापून आले आहेत. गाडी बनवणाऱ्याला १ मेगापास्कलच्या आत भागवायचं असतं. म्हणून ज्या प्रस्तावात दाबाचा आकडा नाही तो अपुरा समजावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तापमानाचंही तसंच. सॅमसंगच्या संशोधकांनी २०२० मध्ये चांदी आणि कार्बनच्या पातळ थराची जी सेल दाखवली, ती लिटरला ९०० वॅट-तासांहून जास्त ऊर्जा आणि हजार चक्रं यांमुळे गाजली, आणि काम खरोखर सुरेख होतं. चाचणी ६० अंश सेल्सिअसला होती, हे निबंधात स्वच्छ लिहिलं आहे. बातमीत हजार चक्रं राहतात, साठ अंश गळतात. समितीपुढच्या सादरीकरणातही ते गळू नयेत. जाता जाता: तापमानाच्या बाबतीत मुंबईचं नशीब थोडं बरं आहे. थंडीत घन इलेक्ट्रोलाइटची वाहकता घसरते, ही नॉर्वे-कॅनडाची डोकेदुखी आपल्याला नाही. मात्र वाहकतेला मदत करणारी उष्णता इंटरफेसवरच्या किडण्यालाही मदत करते, आणि बस उभी असली तरी ते किडणं चालूच राहतं.

आता टक्केवारीचा हिशेब. ‘कूलोंबिक कार्यक्षमता ९९.९ टक्के’, म्हणजे चार्ज करताना भरलेल्या विद्युतभारापैकी तेवढा परत मिळतो, असं वाचलं की मान आपोआप डोलते. ॲनोडमध्ये जादा लिथियम नसेल, तर दर चक्राला ०.१ टक्का गमावून हजार चक्रांनंतर उरतं सुमारे ३७ टक्के. ८० टक्के उरायला हवं असेल तर ९९.९८ लागतं. या दोन आकड्यांमुळे पडणारं अंतर शंभर चक्रांनंतर सात-आठ टक्क्यांचंच असतं, हजारांनंतर ते चाळिशीच्या पुढे जातं, म्हणून शंभर चक्रांच्या आलेखावर पुढचा हप्ता देऊ नका. बेस्टची बस दिवसाला एकदा जरी चार्ज झाली तरी दहा वर्षांत साडेतीन हजारांच्या वर चक्रं होतात. आणि तीन वर्षांच्या प्रकल्पात पहिलं वर्ष उपकरणं यायला जातं, शेवटचं अहवालाला.

बसचा विषय निघालाच आहे तर पॅरिसचा दाखला देतो. एप्रिल २०२२ मध्ये तिथे ब्लूबस बनावटीच्या दोन विजेच्या बस रस्त्यावर जळाल्या आणि आरएटीपी या तिथल्या सार्वजनिक वाहतूक कंपनीने त्या मालिकेच्या १४९ बस तात्पुरत्या मागे घेतल्या. त्या बसमध्ये लिथियम धातू आणि घन पॉलिमरची बॅटरी होती, म्हणजे घन इलेक्ट्रोलाइटचीच. यावरून सॉलिड-स्टेट बॅटरी धोकादायक, असं मी म्हणत नाही. पण ‘घन म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य पुराव्याशिवाय लिहू देऊ नये. लिथियम १८० अंशांवर वितळतं. सँडिया प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये हिशेब करून दाखवलं की आतून शॉर्ट झालं तर भरपूर ऊर्जा साठवलेली घन सेलही खूप तापू शकते, कारण ऊर्जा तेवढीच असते आणि ती लहान जागेत सुटते. गंधकाचे इलेक्ट्रोलाइट असतील तर आणखी एक प्रश्न येतो. दमट हवा लागली की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याच्या वासाचा आणि विषारी.

आणि दमट हवा आपल्याकडे केवढी! जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडा, २५ अंशांच्या आसपास असतो. गंधकाच्या पदार्थांसाठी ड्राय रूमचा, म्हणजे हवेतला ओलावा काढून टाकलेल्या खोलीचा, दवबिंदू उणे ४० किंवा त्याहून खाली लागतो. म्हणजे बाहेरच्या हवेतल्या बाष्पाचा दोनशेवा हिस्साही आत चालत नाही. ग्लव्ह बॉक्समध्ये नखाएवढी चकती करता येते, पण हाताच्या पंजाएवढी सेल, मग तिच्या चळती, असं काही करायचं तर ड्राय रूम हवीच. ती उभारायला जितका खर्च येतो त्याहून ती चार पावसाळे अखंड चालवणं अवघड. वीज, वाळवणारी चाकं, फिल्टर, आणि रात्रपाळीला माणूस. निधीचे नियम उपकरण घ्यायला हात सैल सोडतात आणि ते चालवायला मूठ आवळतात. पवई, ट्रॉम्बे, माटुंगा, कलिना, कुलाबा: एका शहरात इतक्या संस्था आहेत. प्रत्येकीला छोटी, अर्धवट चालणारी खोली देण्यापेक्षा सगळ्यांत मिळून एकच चांगली ड्राय रूम द्यावी, तिच्या दहा वर्षांच्या वीजबिलासकट, आणि शेजारी शे-दीडशे चॅनेलचं चाचणी यंत्र, जिथे सेल तीन-चार वर्षं न हलवता लावून ठेवता येईल. प्रकल्प संपला तरी सेल चालू राहील, ही अट घाला.

सगळ्यांची मोजमापं एका फुटपट्टीवर आणायलाही अशी जागा लागेल. २०२० मध्ये आठ प्रयोगशाळांनी गंधकाच्या इलेक्ट्रोलाइटचे तेच नमुने मोजले, तर वाहकतेचे आकडे बरेच पांगले. २०२४ मध्ये २१ गटांना तीच सामग्री देऊन सेल बनवायला सांगितलं, तेव्हा चकतीवर किती दाब आणि किती वेळ, इथपासून प्रत्येकाची तऱ्हा वेगळी निघाली आणि बऱ्याच सेल नीट चालल्याच नाहीत. जगातल्या उत्तम प्रयोगशाळांची ही कथा. तेव्हा एका प्रयोगशाळेच्या एका चांगल्या सेलवर विश्वास टाकण्याआधी तिच्या मागच्या फसलेल्या सेल किती, हे विचारायलाच हवं. फसलेली सेल उघडून आत काय झालं याचा अहवाल देणाऱ्या विद्यार्थ्याला निबंध लिहिणाऱ्याइतकंच श्रेय मिळेल, अशी काही तरतूद तुम्हीच करू शकता. मार्गदर्शक करणार नाहीत, त्यांना पुढची बढती दिसत असते.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे. नवे पदार्थ शोधणं बंद करायचं का? करू नका, २०१८ मधले क्लोराइड जातीचे इलेक्ट्रोलाइट नसते तर उच्च व्होल्टेजच्या कॅथोडपाशी आजही आपण अडलेलो असतो. पण दहातले आठ प्रस्ताव नव्या पदार्थाचे आणि टिकाऊपणाचा एखादाच, हे प्रमाण उलटं नाही तरी निदान सारखं व्हावं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये प्रगत बॅटरीनिर्मितीच्या प्रोत्साहन योजनेला १८,१०० कोटी मंजूर केले. कारखान्यांसाठी एवढी रक्कम उभी राहू शकते, तर त्या कारखान्यांत पुढे काय बनवायचं ते ठरवणाऱ्या चाचण्यांसाठी चिल्लर तरी असावी.

पुढची जाहिरात काढाल तेव्हा अर्जात काही रकाने वाढवा. चाचणीचा दाब, तापमान, चौरस सेंटिमीटरमागची क्षमता, किती सेल लावल्या आणि किती टिकल्या, आणि चार्ज करून नुसती ठेवलेली सेल सहा महिन्यांनी काय दाखवते. शेवटचा रकाना मुंबईच्या अर्जदारांसाठी: सेल कोणत्या महिन्यात बनवली. जानेवारीतल्या आणि ऑगस्टमधल्या सेलचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
मुलुंड, मुंबई